प्रताप नगरातला फ्रान्स आणि उमरेडचे पाहुणे

मुक्काम फ्रान्स
(पोस्टमनसाठी: प्रताप नगर, नागपूर)
१२ डिसेंबर १९७८

तीर्थस्वरूप दादाजी मामांच्या पायांवर भाचा भैयाजीचं डोकं. (डोकं अजून ठिकाणावर आहे. उमरेडहून तुम्हांला वेगळं कळलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.) तुमच्या कुही गावाकडे थंडी कशी आहे? जनाबाई मामींच्या गुडघ्याला मोहाच्या तेलाने आराम पडला की अजून पाटावरून उठताना तुमच्या नावाने हाका मारतात? धानाची मळणी एव्हाना आटोपली असेल. मळणीवरून आठवलं, मळणी नसती तर तुम्ही ठरल्याप्रमाणे त्या रविवारी पाहुण्यांसोबत नागपूरला आले असते, आणि तुम्ही आले असते तर हे पत्र लिहायची पाळी माझ्यावर आली नसती. पण धान महत्त्वाचं. भाचीचं लग्न काय, पुढच्या वर्षीसुद्धा मोडता येतं.

तुमचं कार्ड मिळालं. "मारोतराव म्हणतात काकडी खाऊन आलो. खुलासा करणे." एवढाच मजकूर. वाचून आनंद झाला, कारण त्यांनी काकडीसुद्धा खाल्ली नव्हती. तरी आमचा मान राखायला खाल्ली म्हणून सांगितली, हा त्यांचा मोठेपणा समजावा की टोमणा, हे तुम्ही ठरवा. खुलासा मात्र एका ओळीत बसत नाही, म्हणून कार्ड न घेता पाकीट घेतलं आहे.

तुम्हांला सगळं माहीतच आहे, पण रागावलेल्या माणसाला मुळापासून सांगितलेलं बरं. आईबाबा गेल्यावर धाकट्या बहिणीचं, सुमतीचं लग्न हे एकच काम माझ्या डोक्यावर उरलं. तुम्ही उमरेडच्या मारोतरावांचा चंद्रभान शोधून काढला. घरी अजून दोन माग चालतात, मुलगा वीज मंडळात, स्वभाव गरीब. मुलाने मुलगी पाहिली, मुलीने मुलगा पाहिला, आणि आपल्या घराण्यात पहिल्यांदाच असं झालं की दोघंही हो म्हणाले. आता फक्त मारोतराव आणि रुख्माबाईंनी मुलाला घेऊन आमच्याकडे यायचं, दोन घास खायचे आणि साक्षगंधाची तारीख काढायची. एक जेवण आणि एक तारीख. माणूस यात काय चूक करू शकतो, असं मलाही वाटत होतं. पण मी मराठी माणसाच्या हिशेबाने विचार करत होतो, आणि त्या वेळी आमच्या घरी फ्रान्स सुरू होता.

फ्रान्स आमच्याकडे कसा आला ते सांगतो. सक्करदऱ्याला प्रेमलताबाई म्हणून एक विदुषी राहायला आल्या आहेत. त्यांचे यजमान पाँडिचेरीला नोकरीत होते, तिथे बाईंनी फ्रेंच ऐकलं. (बोलल्या की नाही हे मी खात्रीने सांगू शकत नाही. आमच्यापैकी कोणालाच ते ओळखता येत नाही, आणि बाईंचा सगळा दबदबा त्यावरच उभा आहे.) त्यांनी जूनपासून लेकरांसाठी फ्रेंच बालविहार काढला. तुमची भाचेसून सुहासिनी हळदीकुंकवाला गेली आणि आमच्या गजानन व चंद्रकला या दोघांची नावं घालून आली. मी विचारलं, फ्रेंच काहून? म्हणाली, इंग्रजी तर आता सगळ्यांचीच लेकरं शिकून राहिली. आमच्या वडलांनी आयुष्यभर मागावर बसून धोतरजोड्या विणल्या, मी कचेरीत फाइली बांधतो, तेव्हा तिसऱ्या पिढीने पॅरिसला पोचावं हे ओघानेच आलं.

बाईंची पद्धत अशी की भाषा शिकवायची नाही. पुस्तक नाही, पाटी नाही, पाठांतर नाही. लेकरू भाषेत बुडवून ठेवायचं, म्हणजे ते आपोआप पोहू लागतं. (सक्करदऱ्याच्या तळ्यात कित्येक वर्षांपासून म्हशी बुडून बसतात. त्यांच्या प्रगतीविषयी बाईंनी काही सांगितलं नाही.) बालविहारात पाय ठेवला की मराठी बंद. लेकरांची नावंसुद्धा बदलली. आमचा गजानन तिथे पियेर झाला आणि चंद्रकला मारी. गजाननाचं नाव आईने शेगावला नवस बोलून ठेवलं होतं, पण नवस आपल्याकडचा, पॅरिसला लागू नाही.

मग प्रवास. प्रत्यक्ष फ्रान्स लांब पडतो, म्हणून बाईंनी तो नागपुरातच वाटून टाकला. सक्करदऱ्याचं तळं म्हणजे पॅरिसची नदी. तिच्या काठी लेकरांनी पाव घेऊन बसायचं आणि नदीकडे पाहून आनंदी व्हायचं. तिथे आमच्या पियेरचा पाय चिखलात गुडघ्यापर्यंत गेला. मराठी बंद, आणि "मला बाहेर काढा" याचं फ्रेंच त्याच्या वाट्याला अजून आलं नव्हतं. त्याला येत होतं ते फक्त नमस्काराचं, बोंझूर. तर पोरगा चिखलात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बोंझूर, बोंझूर करत राहिला. लोकही बिचारे सभ्य, हात जोडून राम राम म्हणत पुढे जात होते. शेवटी एका म्हशीवाल्याने त्याला विचारल्याशिवायच उपसला. बाई म्हणाल्या, पहा, पोरगा अडचणीतसुद्धा भाषा सोडत नाही.

सांस्कृतिक कार्यक्रमही झाला. तान्ह्या पोळ्याला आपली लेकरं लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा म्हणून खाऊ-पैसे मागतात, तर यंदा बालविहाराची लेकरं बैल घेऊन फ्रेंच गाणं म्हणत फिरली. लोकांनी नेहमीपेक्षा जास्त बोजारा दिला. एका म्हातारीने तर चंद्रकलेच्या तोंडावरून हात फिरवून सुहासिनीला हळूच विचारलं, "डॉक्टरले दाखवलं काय वं?" सुहासिनीला मात्र हा कार्यक्रमाचा विजय वाटला. तिचंही बरोबर आहे, म्हणा. विजय मोजायला आपल्याजवळ दुसरं माप नव्हतं.

इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. पण दिवाळीनंतर बाईंनी जाहीर केलं की लेकरांना फ्रेंच कुटुंबात राहायला मिळालं पाहिजे, त्याशिवाय भाषा अंगात मुरत नाही. नागपुरात फ्रेंच कुटुंब कुठून आणणार? तर पाळ्या लावल्या. दर आठवड्याला एकेका पालकाचं घर फ्रान्स व्हायचं. त्या घरी टेबलावर जेवायचं, काट्याने खायचं, आलेल्यागेलेल्याच्या दोन्ही गालांचे मुके घ्यायचे, आणि लेकरांनी मराठीचा एक शब्द काढायचा नाही. शेवटच्या दिवशी बाई स्वतः तपासणीला जेवायला येणार. आमची पाळी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागली. आणि गुरुवारी तुमचं कार्ड आलं की मारोतराव मंडळी रविवारी जेवायला येत आहेत, मी मळणीमुळे येऊ शकत नाही, नीट करून घेणे.

मी सुहासिनीला म्हटलं, फ्रान्स पुढे ढकल. ती म्हणाली, पाहुणे पुढे ढकला. उमरेडला परत कार्ड पोचेपर्यंत रविवार उलटला असता, आणि बाईंना नाही म्हणायची छाती सबंध पालकवर्गात कोणाची नाही. शेवटी तडजोड झाली. जेवण आपलं, रीत त्यांची. म्हणजे मटणाचा सावजी रस्सा, वरण, भात, वांग्याची भाजी, पोळ्या आणि संत्र्याची बर्फी. तिखट मी स्वतः चाखून पाहिलं होतं, मामाजी, डोळ्यांत पाणी आणील असं. सोयऱ्यांना खाऊ घालायला यापेक्षा काय पाहिजे? फक्त हे सगळं एकदम पानात न वाढता फ्रान्सच्या रीतीने एकेक करून आणायचं. आधी काकडी. ती संपली, ताटली उचलली की रस्सा. रस्सा संपला की भात. वाढायचं काम पियेर आणि मारीकडे. मोठ्यांनी मधे पडायचं नाही, कारण तपासणी.

रविवारी मंडळी आली, तपासणीला बाईही हजर. लेकरांच्या अभ्यासाची दोन टेबलं जोडून त्यांवर चादर घातली होती. माझी सगळी भीती मुक्यांची होती. मारोतरावांच्या मिशा तुम्ही पाहिल्या आहेत. उंबऱ्यातच दोन्ही लेकरं त्यांच्यावर चालून गेली आणि दोन्ही गालांचे मुके घेऊन मोकळी झाली. मी डोळे मिटून घेतले. उघडतो तर मारोतराव हसत होते. "लय लाडाची लेकरं हायेत गा तुयी," म्हणाले. रुख्माबाईंनी तर चंद्रकलेला खाली उतरवलंच नाही, बराच वेळ मांडीवर घेऊन बसल्या. माझ्या जिवात जीव आला. मनात म्हटलं, फ्रान्सनेच तारलं. (कोणत्याही देशाविषयी इतक्या लवकर मत बनवू नये.)

मग पानं, म्हणजे ताटल्या, मांडल्या. तीन पाहुणे, प्रेमलताबाई आणि मी. प्रत्येकाच्या ताटलीत काकडीच्या चार चकत्या आणि टमाट्याचं एक फूल. सुहासिनीने सकाळपासून बसून कापलेलं. लेकरं हात मागे बांधून भिंतीशी उभी राहिली. आणि आता मामाजी, नीट लक्ष द्या, कारण तुम्ही नेमकं हेच विचारलं आहे.

आपल्याकडची रीत काय? मिठापासून भातापर्यंत सगळं पानात आलं की मग हात लावायचा. अर्ध्या पानाला हात लावणारा अधाशी. त्यातून सोयऱ्याच्या घरी काही मागून घेणं म्हणजे तर सात पिढ्यांची लाज. तेव्हा मारोतराव सभ्य माणसासारखे मांडीवर हात ठेवून बाकीचं पान भरायची वाट पाहू लागले. लेकरं शिकवल्याप्रमाणे काकडी संपायची वाट पाहू लागली. आणि पाहुण्यांनी घास उचलल्याशिवाय यजमानाने उचलायचा नाही, म्हणून मी पाहुण्यांची वाट पाहू लागलो. मी म्हणत होतो, "करा जी सुरुवात." मारोतराव म्हणत होते, "करू न, घाई कायची हाय?" इतकी सभ्यता एका टेबलावर मी आयुष्यात पाहिली नाही. आतून रश्श्याचा असा वास सुटला होता की मारोतरावांच्या मिशा हलत होत्या. चंद्रभानने तेवढ्यात गुपचूप एक चकती तोंडात टाकली. बापाने असं पाहिलं की त्याने ती न चावताच गिळली.

अशात प्रेमलताबाई बोलल्या. म्हणाल्या, फ्रान्समध्ये जेवण तीन-तीन तास चालतं. मारोतराव म्हणाले, "तीन तासात त आमी उमरेडले जाऊन, जेवून, झोपूनही जातो बाई." मग त्यांनी चंद्रकलेकडे पाहून प्रेमाने विचारलं, "काहून वं बेटा, आत का शिजून राहिलं?" पोरीला उत्तर माहीत होतं. तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. पण तपासणी समोर बसलेली. तिने मान तिरपी केली आणि म्हणाली, "मेर्सी." हा त्यांचा धन्यवाद. विचारा काय शिजलं, तर धन्यवाद.

शेवटी मी रीतभात सोडून स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, सुहासिनी, रस्सा आण. पाहतो तर ती चुलीशी बसून डोळ्यांना पदर लावते आहे. म्हणाली, "अहो, ते काकडीले हात लावून नाही राहिले. त्यायले सोयरीक नाही पाहिजे." आता हीही आपल्याकडचीच रीत. ज्याला सोयरीक मोडायची असते तो मुलीच्या घरचं अन्न तोंडाला लावत नाही. तेव्हा बाहेर पाहुणे समजत होते की यांना आम्हांला वाढायचं नाही, आणि आत ही समजत होती की त्यांना आमचं खायचं नाही. फ्रान्सला दोष देऊ नका, मामाजी. फ्रान्सने फक्त काकडी आधी आणली. बाकीचं सगळं आपल्या सभ्यतेने केलं.

मी पातेल्याला हात घातला तेवढ्यात बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मारोतराव उठले होते. भरल्या घरात, न जेवता, पानावरून. मी धावत बाहेर आलो, हात जोडले, रस्सा तयार आहे म्हणालो. आणि तिथेच घात झाला. तयार नाही म्हटलं असतं तर ते थांबले असते. "तयार हाय? मंग आतच काहून ठेवला गा?" म्हणाले. "आमाले काकडीच खायची असती त उमरेडले का काकडी भेटत नाही?" रुख्माबाई कुंकवासाठी दारात घुटमळल्या, पण मारोतराव चला म्हणाले आणि मंडळी फाटकाबाहेर पडली. चंद्रभान दोनदा मागे वळला. आमचा पियेर त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेला आणि निरोपाचं फ्रेंच आठवेना म्हणून पुन्हा बोंझूर म्हणाला.

त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. खोटं कशाला सांगू, प्रेमलताबाई जेवल्या. दोन वाट्या रस्सा, पावासोबत. म्हणाल्या असा पदार्थ पॅरिसलाही मिळायचा नाही, आणि लेकरांना वाढपाचे पूर्ण गुण देऊन गेल्या. लेकरांनी एकदाही शिस्त मोडली नाही म्हणून.

तर खुलासा हा असा. यात कोणाचा अपमान करायचा हेतू नव्हता, हे मारोतरावांना कळवावं. माझं म्हणाल तर मी शांत आहे. साधी गोष्ट आहे, एक जेवण फसलं, मुलं काय आणखी मिळतील, उमरेड काही जगाचं टोक नाही. आपण मानी माणसं आहोत आणि कोणापुढे नाक घासणार नाही, हे त्यांच्या कानावर घातलंत तरी चालेल. मामींना साष्टांग नमस्कार, लेकरांचे दोन्ही गालांवर मुके (तुमची दाढी झाली असल्यास).

आपला आज्ञाधारक भाचा
भैयाजी

ता. क. घर परत नागपुरात आलं आहे. जमिनीवर बसतो, हाताने खातो, एकमेकांवर मराठीत ओरडतो. सुहासिनीने काटे-चमचे सक्करदऱ्याला परत केले. लेकरं मात्र बालविहारात जाणं सोडायला तयार नाहीत. चंद्रकला म्हणते, तिथे कोणी अभ्यास विचारत नाही.

आणखी एक. वर नाक न घासण्याचं जे लिहिलं ते खोडून टाका. मामाजी, सुमती बोलत नाही हो. म्हणजे बोलते, दूध आलं, केर काढला, दादा जेवायला बसा. एका शब्दाने मला किंवा वहिनीला दोष दिला नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. परवा ती सुहासिनीलाच समजावत होती की वहिनी, काकडी छान कापली होती. मला ते ऐकवेना, मी बाहेर निघून गेलो. मुलं आणखी मिळतील हे मी लिहिलं खरं, पण तिला दुसरा नको आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही नको. पानावरून उठलेला माणूस मध्यस्थाने हात धरून परत बसवला तरच बसतो, आपल्याकडे त्याला दुसरा इलाज नाही. तुम्ही उमरेडला जा. नाक घासावं लागलं तर माझं घासा, मी पाठवून देतो. पण त्यांना घेऊन या, आणि या वेळी मळणी असो की पेरणी, स्वतः सोबत या.

आणखी, पाकीट चिकटवता चिकटवता. चंद्रभान आत्ता येऊन गेला. लाइनीच्या कामासाठी नागपुरात आलो होतो म्हणाला, आणि आमच्या गल्लीत लाइनीला काहीही झालेलं नाही. त्याने सांगितलं की बस सुटल्याबरोबर मारोतरावांनी रुख्माबाईंना विचारलं, "तो वास रश्श्याचाच होता न वं?" तेव्हापासून रोज जेवायला बसले की विचारतात, काकडीच्या मागून आणखी काय येत होतं असं तुम्हांला वाटतं? घरात कोणालाच माहीत नाही, आणि आम्हांला विचारणं त्यांच्या मानात बसत नाही. तर मामाजी, बाकी खुलासा राहू द्या, त्यांना एवढंच सांगा. काकडीनंतर रस्सा होता. रश्श्यानंतर भात होता, मग संत्र्याची बर्फी. आणि सगळ्यांत शेवटी सुमती येऊन त्यांच्या पाया पडणार होती. ती पदर घेऊन दाराआड उभीच होती हो, आणि ते काकडीवरून उठले.